'करू का?' आणि 'करावे का?' : परिचारिका-डॉक्टर संवादावरील एका निबंधाचे परीक्षण

लेनर्ड स्टाइन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६७ साली 'आर्काइव्ह्ज ऑफ जनरल सायकिआट्री' या नियतकालिकात एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. 'डॉक्टर-नर्स खेळ' असे त्याचे नाव. वैद्यकीय नियतकालिकांतील लेखांना सामान्यतः फार आयुष्य नसते. हा निबंध मात्र अर्धशतक उलटून गेल्यावरही उद्धृत केला जातो, परिचारिकांच्या शिक्षणक्रमांत वाचला जातो, आणि परिचारिकेने डॉक्टरांचा सल्ला कसा घ्यावा हा प्रश्न निघाला की प्रथम त्याचीच आठवण होते. त्याचे लेखक वैद्यक असले तरी त्यातील सामग्री भाषेची आहे. एक माणूस दुसऱ्याला काय सांगतो, कोणत्या रूपात सांगतो आणि काय न सांगता सुचवितो, हाच त्याचा विषय होय. तेव्हा भाषाभ्यासकाने त्याचे परीक्षण करावयास घेतले तर ते परक्या शेतात शिरणे ठरू नये.

परीक्षणाचे निमित्त मात्र निराळे आहे. स्टाइन यांनी वर्णन केलेली परिचारिका रुग्णालयाच्या वॉर्डातील आहे. त्यांचा निबंध निघण्याच्या दोनच वर्षे आधी, १९६५ साली, कोलोराडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड ही सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातील परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ या दोघांनी 'नर्स प्रॅक्टिशनर' नावाच्या एका नव्या कार्यकर्तीचे शिक्षण सुरू केले होते. ही परिचारिका रुग्णाची हकीकत स्वतः ऐकते, त्याला तपासते, रोगाविषयी अनुमान बांधते आणि उपचार ठरविते. अडेल तेथे डॉक्टरांना विचारते. प्राथमिक आरोग्यसेवेत आज तिचे स्थान पक्के झाले आहे. तिच्या या 'विचारण्या'लाही स्टाइन यांचेच वर्णन लावण्याची प्रथा पडली आहे. ती कितपत ग्राह्य आहे, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न.

प्रथम निबंधाचे प्रमेय पाहू. स्टाइन म्हणतात की परिचारिकेने पुढाकार घ्यावा, महत्त्वाच्या सूचना कराव्यात, अशी डॉक्टरांची अपेक्षा असते. पण त्या सूचना डॉक्टरांना स्वतःलाच सुचल्या असे दिसले पाहिजे. परिचारिका सुचविते, पण सुचवीत नाही असे भासविते. डॉक्टर सूचना मागतात, पण मागत नाहीत असे भासवितात. उघड मतभेद होऊ न देणे हा या खेळाचा मुख्य नियम. उदाहरणादाखल त्यांनी मध्यरात्रीनंतरचे एक दूरध्वनी-संभाषण दिले आहे. वॉर्डातील परिचारिका झोपेत असलेल्या डॉक्टरांना कळविते की अमुक रुग्णाबाईंना आज वडिलांच्या मृत्यूची वार्ता समजली असून त्यांना झोप येत नाही. डॉक्टर विचारतात, पूर्वी या बाईंना कोणत्या औषधाचा गुण आला होता? ती औषधाचे नाव व मात्रा सांगून म्हणते की परवा रात्री त्याचा चांगला उपयोग झाला. डॉक्टर तेच औषध, तीच मात्रा, आज्ञा म्हणून उच्चारतात. ती आभार मानते. संभाषण संपते.

इतके नेमके निरीक्षण भाषाशास्त्राच्या ग्रंथांतही क्वचितच आढळते. पहिले वाक्य रूपाने वृत्तकथन आहे. कार्याने ती विनंती आहे. डॉक्टरांचा प्रश्न भूतकाळाविषयी आहे. त्यांना हवे आहे ते भविष्याविषयी. आणि परिचारिकेचे उत्तर तर विशेष पाहण्याजोगे आहे. 'हे द्यावे' असे ती म्हणत नाही. परवा काय घडले एवढेच सांगते. घडलेल्या गोष्टीचे कथन ही सूचना होऊ शकत नाही, निदान व्याकरणाच्या दृष्टीने नाही. जॉन ऑस्टिन यांच्या १९६२ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी शब्दांनी 'सांगणे' आणि शब्दांनी 'करणे' यांतील भेद तत्त्वज्ञांपुढे मांडला. स्टाइन यांच्या निबंधात ऑस्टिन यांची परिभाषा नाही. पण त्या भेदाचे इतके सुबक उदाहरण शोधून सापडावयाचे नाही.

निबंधाचे बळ येथवर आहे. पुढे कारणे शोधताना मात्र तो ढिला पडतो. स्टाइन मनाकडे वळतात. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला चुकीची धास्ती असते, त्या धास्तीवर उतारा म्हणून तो स्वतःच्या सर्वसमर्थतेची भावना जोपासतो. उलट परिचारिकांच्या शाळेत कडक शिस्तीने विनयाचे वळण लावले जाते. शिवाय एक पुरुष आणि दुसरी स्त्री. यातून खेळ जन्माला येतो, असे त्यांचे म्हणणे. यातील एकही विधान खोटे नाही. तथापि त्या रात्रीच्या संभाषणाचे स्पष्टीकरण यापैकी कशाचीही मदत न घेता करता येते. औषधाची चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार परिचारिकेला नव्हता. तिचे ज्ञान कितीही असो, आज्ञेखाली सही डॉक्टरांची असावी लागे. ज्याची सही तिच्या हातात नाही, त्या निर्णयाविषयी तिने 'मी हे देते' असे म्हणणे अशक्य, आणि 'तुम्ही हे द्या' असे म्हणणे म्हणजे आज्ञा देण्याचा अधिकार ज्याचा त्यालाच आज्ञा देणे. उरतो तो एकच मार्ग: घडलेले सांगणे आणि थांबणे. दोघेही अत्यंत समंजस असते, दोघीही स्त्रिया असत्या, तरी या वाक्यांचे रूप फारसे बदलले नसते असे आम्हांस वाटते. स्टाइन ज्याला खेळ म्हणतात त्याचा बराच भाग अधिकाराच्या वाटणीतून आलेला आहे. मानसिक वृत्ती त्यावर नंतर चढलेली आहे.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. खेळ वृत्तीतून आला असेल तर वृत्ती पालटली की तो संपावा. सहीतून आला असेल तर सहीची जागा बदलल्यावाचून संपू नये. स्टाइन यांनी १९९० साली दोन सहलेखकांसह 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये याच विषयावर पुन्हा लिहिले आणि परिचारिकांनी हा खेळ एकतर्फी सोडून दिला आहे असा निर्वाळा दिला. स्त्री-डॉक्टरांची वाढती संख्या, परिचारिकांचे विद्यापीठीय शिक्षण, डॉक्टरांविषयी समाजात कमी झालेला आदर अशी कारणे त्यात आहेत. दुसऱ्या निबंधाचा भर समाजस्थितीवर आहे, वाक्यांवर नाही. आणि पहिल्याचे सारे सामर्थ्य वाक्यांत होते. मोठ्या लेखकांच्या दुसऱ्या भागांचे पुष्कळदा असे होते. असो.

आता नर्स प्रॅक्टिशनरकडे वळू. तिच्या हाती सही आली आहे, पण ती सर्वत्र सारखी नाही. अमेरिकेत ही गोष्ट प्रत्येक राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते. निम्म्याहून अधिक राज्यांत ती पूर्ण स्वतंत्रपणे रुग्णांवर उपचार करू शकते. काही राज्यांत एखाद्या डॉक्टरांशी सहकार्याचा लेखी करार लागतो. काहींत देखरेख लागते. 'सहकार्य' आणि 'देखरेख' हे दोन शब्द कायद्याच्या पुस्तकात शेजारी शेजारी नांदत असले, तरी प्रश्न विचारणाऱ्या स्त्रीच्या तोंडी त्यांची वाक्ये निरनिराळी होणार. त्यात पुन्हा पैशाचा भाग आहे. वृद्धांसाठी असलेल्या 'मेडिकेअर' योजनेत नर्स प्रॅक्टिशनरने स्वतःच्या नावावर केलेल्या कामास डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के मोबदला मिळतो. तेच काम काही अटींवर डॉक्टरांच्या देखरेखीखालील म्हणून दाखविले तर १०० टक्के मिळतो. म्हणजे एकाच संभाषणाला 'मी ठरविले' म्हणावयाचे की 'त्यांनी ठरविले' म्हणावयाचे, यावर पंधरा टक्क्यांचा फरक पडतो. व्याकरणातील कर्त्याला इतका रोख भाव क्वचितच आला असेल.

स्थळाचा फरक याहून मोठा आहे. वॉर्डातील रुग्णाचा रोग बहुधा ठरलेला असतो. रात्री प्रश्न उरतो तो अमुक द्यावे की देऊ नये एवढाच. प्राथमिक सेवेत माणूस दारातून आत येतो तो तक्रार घेऊन. थकवा आहे, पोटात कसेसेच होते, मूल नीट दूध पीत नाही. नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरांकडे जाते तेव्हा तिला पुष्कळदा औषधाचे नाव नको असते. आपण जे पाहिले ते बरोबर पाहिले की नाही, आपल्याला जी शंका आली ती खरी की फुकाची, हे तिला ताडून पाहावयाचे असते. येथे सर्वांत मोलाची वस्तू तिची शंका ही होय. आणि स्टाइन यांच्या खेळात नेमकी शंकेलाच जागा नाही. त्या रात्रीच्या परिचारिकेला उत्तर ठाऊक होते. उत्तर ठाऊक असलेल्या माणसाने ते लपविण्याची रीत स्टाइन यांनी दाखविली. उत्तर ठाऊक नसलेल्या माणसाने ते अज्ञान कसे उघड करावे, हा निराळाच प्रश्न आहे, आणि प्राथमिक सेवेतील सल्ल्याचा मुख्य प्रश्न तोच आहे.

याविषयी आपल्याला प्रत्यक्ष काय माहीत आहे? कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, बर्लिंग्टन येथे, दोन कुटुंब-डॉक्टरांच्या दवाखान्यात जुलै १९७१ ते जुलै १९७२ या काळात एक प्रसिद्ध प्रयोग झाला. त्याचा वृत्तान्त स्पिट्झर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली दिला. चिठ्ठ्या टाकून कुटुंबांची विभागणी केली; काहींना पूर्वीप्रमाणे डॉक्टर, काहींना मुख्यतः नर्स प्रॅक्टिशनर. मृत्यू, शारीरिक क्षमता, सामाजिक व मानसिक स्वास्थ्य यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. त्याच वृत्तान्तात असेही नमूद आहे की ६७ टक्के भेटींत नर्स प्रॅक्टिशनरने डॉक्टरांना न विचारता काम पार पाडले. या ६७ टक्क्यांचा उल्लेख पुढे पुष्कळांनी अभिमानाने केला. आमचे कुतूहल राहिलेल्या ३३ टक्क्यांविषयी आहे. त्या भेटींत दार ठोठावून आत गेल्यावर तिने काय म्हटले? डॉक्टरांनी रुग्णास स्वतः पाहिले, की मान हलविली? प्रयोगाचा उद्देश तो नव्हता, त्यामुळे दोष देण्याचे कारण नाही. पण मोजमापाची ही पद्धत पुढेही रूढ झाली: विचारले की नाही हे मोजावयाचे, कसे विचारले हे सोडून द्यावयाचे.

'विचारले' या एका क्रियापदात निदान चार निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या आहेत, आणि इंग्रजीपेक्षा मराठीत त्या अधिक स्पष्ट दिसतात. म्हणून हा विषय मराठी भाषाभ्यासकाच्या हाती आल्यास काही लाभ व्हावा. एका मुलाला औषध सुरू करण्याचा प्रश्न आहे असे समजा. 'सर, सुरू करू का?' यातील 'करू' हा आज्ञार्थाचा प्रथमपुरुष. वक्ता अनुज्ञा मागतो, कृती त्याची, अधिकार ऐकणाऱ्याचा. 'सुरू करावे का?' हा विध्यर्थ. येथे अनुज्ञा मागितलेली नाही, इष्ट काय एवढेच विचारले आहे, आणि उत्तर आल्यावरही निर्णय वक्त्याकडे राहू शकतो. 'सुरू करते, चालेल ना?' यात निर्णय झाला आहे. ऐकणाऱ्याला साक्षीदार करून घेतले आहे. (या तिसऱ्या रूपातच वक्ता स्त्री की पुरुष हे उघड होते, 'करू' आणि 'करावे' यांना लिंग नाही. याला महत्त्व द्यावे की नाही हे वाचकांनी ठरवावे.) 'तुम्हीच एकदा पाहता का?' यात प्रश्नच दुसऱ्याच्या हवाली होतो.

आणि पाचवे एक रूप आहे, जे दवाखान्यांतील बोलण्यात सर्वांत सहज तोंडी येते: 'सुरू करायचं का?' हे रूप मोठे सोयीचे आणि म्हणूनच घातक. त्यात कर्ता नाही. कोणी सुरू करावयाचे, कोणी ठरवावयाचे, बोलणारी अनुज्ञा मागते आहे, मत मागते आहे की नम्रपणे सुचविते आहे, हे काहीच उघड होत नाही. डॉक्टर 'हो' म्हणतात. हा होकार कशाला? पुढे काही बरेवाईट झाले तर दोघांनाही प्रामाणिकपणे म्हणता येईल की मी ठरविले नव्हते. तिला वाटेल, त्यांनी सांगितले. त्यांना वाटेल, तिने तपासले होते, मी मोडता घातला नाही इतकेच. दोन जबाबदार माणसांच्या मध्ये निर्णय बेवारस पडतो, आणि त्याचे परिणाम मुलाला भोगावे लागतात. स्टाइन यांच्या संभाषणात इंग्रजीला जे काम भूतकाळाकडून करून घ्यावे लागले, ते मराठी एका कृदन्ताकडून करून घेते. अशीच दुसरी सोय 'वाटणे' या क्रियापदाची. 'मला श्वास जड वाटतो' या वाक्यातील 'मला' गाळला की मत हे निरीक्षण बनते. 'श्वास जड वाटतो.' कोणाला? उत्तर देण्याचे कारण पडत नाही.

शब्दांच्या इतिहासातही हा घोळ दिसतो. 'सल्ला' आणि 'मसलत' हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून आलेले. पण मराठीत त्यांची वाट फुटली. सल्ला घ्यावयाचा व द्यावयाचा असतो. त्यास एक वरची व एक खालची बाजू आहे. मसलत अनेकांनी मिळून करावयाची. पेशवेकालीन कागदपत्रांत तर ती मोहिमेपर्यंत जाऊन पोचते. नर्स प्रॅक्टिशनर व डॉक्टर यांच्यात सल्ला व्हावा की मसलत, हा अमेरिकेतील राज्याराज्यांच्या विधिमंडळांत चाललेला वाद आपल्या भाषेत दोन शब्दांत मांडता येतो.

या संदिग्धतेवर उपाय म्हणून एक साचा गेल्या पंचवीस वर्षांत जगभर पसरला. 'एसबार' या आद्याक्षरी नावाने तो ओळखला जातो: प्रथम सद्यःस्थिती, मग पूर्वपीठिका, मग आपले अनुमान, शेवटी आपली शिफारस. त्याचे मूळ अमेरिकन नौदलाच्या अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांत. 'कायझर परमनंटे' या आरोग्यसंस्थेने तो रुग्णसेवेत आणला. साच्याचा चौथा भाग म्हणजे स्टाइन यांच्या खेळाला दिलेले सरळ उत्तर आहे. जी शिफारस परिचारिकेला लपवावी लागत होती ती आता तिने उघड करावी असा नियमच झाला. वॉर्डात, रक्तदाब घसरतो आहे अशा वेळी, याचे मोल मोठे आहे यात शंका नाही. पण तोच साचा जसाच्या तसा प्राथमिक सेवेतील विचारण्यास लावला जातो तेव्हा अडचण होते. साचा असे गृहीत धरतो की बोलणाऱ्याजवळ अनुमान आहे आणि शिफारस आहे. जिला डॉक्टरांकडे जावेसे वाटते ती पुष्कळदा या दोन रकान्यांत काय भरावे हे कळत नाही म्हणूनच जाते. मग ती काहीतरी भरते. भरलेले अनुमान खऱ्याइतकेच ठाम ऐकू येते. खेळात ज्ञान अज्ञानाचे सोंग घेत होते. साच्यात अज्ञान ज्ञानाचे सोंग घेऊ लागण्याचा धोका आहे, आणि आमच्या मते हा दुसरा धोका अधिक वाईट. पाणबुडीत 'मला कळत नाही, पण काहीतरी बिघडले आहे' असे म्हणण्याची वेळ कितपत येते हे आम्ही सांगू शकत नाही. बालकांच्या दवाखान्यात ती रोज येते.

विचारण्याची मुभा आणि रुग्णाची सुरक्षितता यांचा संबंध दाखविणारा पुरावा जुनाच आहे. हॉफलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका अनोळखी डॉक्टरने दूरध्वनीवरून परिचारिकेस एका अपरिचित औषधाची २० मिलिग्रॅम मात्रा देण्यास सांगितले. कमाल मात्रा १० आहे असे वेष्टनावर छापलेले होते. २२ पैकी २१ जणी ते देण्यास निघाल्या. १९७७ साली रँक आणि जेकबसन यांनी परिचित औषध घेऊन, आणि परिचारिकांना आपसांत विचारण्याची मोकळीक ठेवून, असाच प्रयोग केला. तेव्हा १८ पैकी दोघींनीच आज्ञा पाळली. दोन्ही प्रयोग वॉर्डातले आहेत, आणि दुसऱ्यात औषधाची ओळख व विचारण्याची सोय असे दोन बदल एकदम झाल्यामुळे निष्कर्ष सावधपणे काढावा लागतो. तरी शंका बोलून दाखविण्यास जवळ कोणी असणे ही लहान गोष्ट नाही, एवढे त्यातून निघते.

आपल्याकडे हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. २०१८ पासून 'आयुष्मान भारत' योजनेखाली उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. त्यांत परिचर्येचे शिक्षण घेतलेले आहेत तसे आयुर्वेदाचे पदवीधरही आहेत. ते नर्स प्रॅक्टिशनर नव्हेत, आणि दोघांना एक समजणे चूक होईल. पण डॉक्टरांना विचारण्याची गरज त्यांनाही तशीच पडते. २०१९ साली सुरू झालेल्या 'ई-संजीवनी' या दूरसेवेमुळे उपकेंद्रातून दूरच्या डॉक्टरांशी पडद्यावर बोलता येते. त्या बोलण्यात एक तिसरा माणूस असतो. स्टाइन यांच्या रुग्णाबाई दूरध्वनीच्या टप्प्यात नव्हत्या. येथे रुग्ण शेजारच्या खुर्चीवर बसून प्रत्येक शब्द ऐकत असतो. ज्या अधिकाऱ्याकडे तो उद्या पुन्हा येणार, त्याच्या तोंडून त्याच्यासमक्ष 'मला खात्री नाही' हे वाक्य निघणे किती कठीण आहे हे सांगावयास नको. 'करायचं का?' तेथे सहज निघते. रुग्णाला ते विनयाचे वाटते, डॉक्टरांना सूचनेचे, आणि विचारणाऱ्याची शंका त्याच्याजवळच राहते. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३२ व्या कलमात मध्यम स्तरावरील आरोग्यसेवकाने प्राथमिक व प्रतिबंधक सेवेत काही ठरावीक औषधे स्वतंत्रपणे द्यावीत आणि इतरत्र देखरेखीखाली द्यावीत असा भेद केला आहे. 'करते' कोठे संपते आणि 'करू का' कोठे सुरू होते याची रेघ कायद्याने अशी आखली. प्रत्यक्ष बोलण्यात 'करायचं का' ती रेघ रोज पुसते.

स्टाइन यांच्या निबंधाचा आदर्श ठेवावयाचा तर तो त्यांच्या मनोविश्लेषणाचा नव्हे, त्या एका रात्रीच्या संभाषणाचा ठेवावा. मराठीत अशी संभाषणे, संबंधितांच्या संमतीने आणि नावे गाळून, जमवून त्यांतील क्रियापदे रूपवार लावली, कोणत्या रूपानंतर डॉक्टर रुग्णास स्वतः पाहतात आणि कोणत्या रूपानंतर नुसते 'हो' म्हणतात याची नोंद केली, तर आमचे 'करायचं का' विषयीचे म्हणणे टिकते की नाही हे ठरेल. त्यासाठी वैद्यकाचा अभ्यासक आणि व्याकरणाचा अभ्यासक या दोघांनी एका टेबलाशी बसावे लागेल.